तुतानखामुनला त्याच्या घरी काय म्हणत? – प्राचीन इजिप्शियन नावांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

इजिप्तविद्येच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षक एक गोष्ट सहज बोलून जातात: आपण वर्गात ज्या उच्चारांनी वाचणार आहोत, ते कुठल्याही काळातल्या इजिप्शियन माणसाला कळले नसते. मी पुण्यात संस्कृत आणि थोडं भाषाशास्त्र करून जर्मनीत गेले होते. शिक्षाग्रंथ, प्रातिशाख्यं, उदात्त-अनुदात्त असं वैदिक उच्चाराचं सगळं डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. त्याहून मोठं नवल म्हणजे प्राध्यापकांसकट अख्खा वर्ग ‘नेफेर’, ‘हेतेप’, ‘सेजेम’ असं न अडखळता वाचत असतो आणि त्यावर कुणाचाही विश्वास नसतो.

कारण साधं आहे. चित्रलिपी स्वर लिहीतच नाही. ‘सुंदर, चांगला’ या अर्थाचा शब्द लिहिताना लेखनिक न-फ-र एवढीच व्यंजनं देतो. मधले स्वर वाचणाऱ्याला ठाऊकच असत, म्हणून ते लिहायची त्याला गरज नव्हती. ते ठाऊक असलेली माणसं संपली आणि आपण अडकलो. मग तोंडाने बोलता यावं म्हणून युरोपातल्या अभ्यासकांनी एक सोय काढली. दोन व्यंजनांच्या मध्ये ‘ए’ घालायचा. घशातले दोन वर्ण आहेत, त्यांना आपण अलेफ आणि ऐन म्हणतो. त्या दोन्हींना सरळ ‘आ’ म्हणायचं. ‘य’ला बहुतेकदा ‘इ’ आणि ‘व’ला ‘उ’. सूर्यदेवाचं ‘रा’ हे आपल्याला पाठ असलेलं नाव म्हणजे र आणि ऐन, इतकंच. त्यातला ‘आ’ हा त्या सोयीचा आहे, इजिप्तचा नाही.

ही सोयसुद्धा सगळीकडे सारखी नव्हती. आज आपण अखेनातेन म्हणतो त्या राजाला उत्खननकार पेट्री ‘खुएनातेन’ लिहायचा, इतिहासकार ब्रेस्टेड ‘इखनातोन’, आणि जर्मन पुस्तकांत तो अजूनही ‘एखनातोन’ आहे. हात्शेप्सुत एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत ‘हातासू’ म्हणून भेटते. जुने ग्रंथ वाचताना ही माणसं वेगळी नाहीत हे लक्षात ठेवावं लागतं. पहिल्या वर्षी याचा बराच त्रास होतो, पुढे सवय होते.

इतकं ऐकून बरेच जण समजतात की उच्चाराचं काहीच कळत नाही आणि विषय तिथेच संपला. तसं नाही. काही नावांबद्दल आपल्याला आश्चर्य वाटेल इतकं सांगता येतं, काहींबद्दल जवळजवळ काहीच नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्यांदा एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे: उच्चार कधीचा? गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. सव्वीसाव्या शतकातला. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात शिलालेख फिली बेटावरचा, २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा. मधल्या जवळजवळ तीन हजार वर्षांत भाषा बदलली, वर्ण झिजले, स्वर सरकले. ‘नेफर’चा खरा उच्चार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर देण्याआधी शतक विचारा. मूळ नियम हाच आहे. पुढचं सगळं त्याच्या आधाराने.

कॉप्टिक: घरचा साक्षीदार

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत इजिप्शियन लोकांनी आपली भाषा ग्रीक अक्षरांत लिहायला घेतली. ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी डेमॉटिक या रोजच्या लिखाणाच्या जुन्या इजिप्शियन लिपीतून सहा-सात अक्षरं उचलली. ही कॉप्टिक. ग्रीक लिपी असल्यामुळे तिच्यात स्वर आले आणि इजिप्शियन भाषा पहिल्यांदा स्वरांसकट नियमितपणे कागदावर उतरली. फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंनी १८२२ मध्ये चित्रलिपी फोडली तेव्हा त्यांच्या हाती ग्रीकांची नावं होतीच, टॉलेमी आणि क्लिओपात्रा. पण सूर्याच्या वर्तुळाला ‘रे’ म्हणायचं हे त्यांना कॉप्टिकमुळे सुचलं, आणि त्यावरून त्यांनी रामेसीस वाचला.

न-फ-र कॉप्टिकमध्ये ‘नूफे’ होतो. शेवटचा र गळून गेलेला. देव या अर्थाचा न-च-र ‘नूते’ होतो, तिथेही र गेला. अनेकवचनात मात्र तो ‘न्तेर’ असा परत येतो, म्हणजे र मुळात होताच. अशा जोड्या जमवत गेलं की नियम दिसायला लागतात. आघात शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर) असतो. आघात नसलेले स्वर पुसट होत होत नाहीसे होतात. जुना ‘आ’ सहिदिक बोलीत ‘ओ’ झालेला दिसतो, तर अखमिमिक आणि फय्यूमिक बोलींत बंद, म्हणजे व्यंजनाने संपणाऱ्या, अवयवात तो ‘अ’च राहतो. कॉप्टिक ही एक भाषा म्हणून शिकू नका, बोलींचं कुटुंब म्हणून शिका. उच्चाराचा पुरावा बोलींमधल्या फरकात असतो.

एक सावधगिरी. बोहैरिक बोली कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनेत आजही ऐकू येते आणि ती ऐकताना अंगावर काटा येतो हे खरं. पण तिचा चर्चमधला आजचा उच्चार एकोणिसाव्या शतकात ग्रीकच्या धर्तीवर सुधारून घेतलेला आहे. ध्वनिमुद्रण ऐकून ‘फेरो असे बोलायचे’ असा निष्कर्ष कुणी काढला तर हसू नका, पण मानूही नका.

जोडनावांत आघाताचा नियम फार उपयोगी पडतो. मेम्फिस शहराचं नाव म-न अधिक न-फ-र. पाठ्यपुस्तकात ‘मेन-नेफेर’. कॉप्टिकमध्ये ते ‘मेन्फे’, ग्रीकमध्ये ‘मेम्फिस’, असिरियन लेखांत ‘मेम्पी’. तिन्हींत आघात पहिल्या भागावर आणि दुसरा भाग आक्रसलेला. उलट ओसायरिसचं बिरुद वेन-नेफेर पाहा: ग्रीकांनी ‘ओन्नोफ्रिस’ ऐकलं, म्हणजे इथे आघात ‘नोफ्र’वर आणि र शाबूत. हेच नाव पुढे एका ख्रिस्ती संताचं झालं आणि पोर्तुगीजमध्ये ‘ओनोफ्रे’ म्हणून राहिलं. गोव्याच्या वाचकांना ते ओळखीचं वाटू शकेल.

परके साक्षीदार

कॉप्टिक फार उशिराची. तिच्याआधी दीड हजार वर्षं काय होतं ते सांगायला बाहेरचे लागतात. १८८७ मध्ये तेल अल-अमर्ना इथे मातीच्या पाट्या सापडल्या: इ.स.पू. चौदाव्या शतकातला फेरोंच्या दरबाराचा पत्रव्यवहार, बाबिलोनच्या अक्कादी भाषेत, किलाक्षर लिपीत. किलाक्षर लिपी अवयव लिहिते, म्हणजे स्वरांसकट. तिसऱ्या आमेनहोतेपचं सिंहासननाम, म्हणजे राज्यावर बसताना घेतलेलं नाव, आम्ही ‘नेब-मात-रे’ वाचतो. या पत्रांत तो ‘निम्मुरेया’ किंवा ‘निब्मुआरेया’ आहे. अखेनातेनचं ‘नेफेर-खेपेरु-रे’ तिथे ‘नफुरुरेया’. खेपेरुमधला प कुठे गेला? गिळला गेला. आम्ही वर्गात ठणकावून उच्चारतो तो प दरबारात बोललाच जात नसावा.

हित्ती राजांच्या राजधानीच्या, हत्तुशाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझकोयच्या दप्तरात दुसरा रामेसीस ‘रिआमशेश माइ अमान’ म्हणून भेटतो, त्याची राणी नेफरतारी ‘नप्तेरा’ म्हणून. नप्तेरा हे रूप मला फार आवडतं, कारण एका शब्दात चार धडे आहेत. फ च्या जागी प आला, कारण अक्कादी लिपीत फ नाहीच. त च्या आधीचा र तेव्हाच नाहीसा झालेला. पहिला स्वर ‘अ’, आपला ‘ए’ नव्हे. आणि शेवटचा भाग आपल्या ‘तारी’सारखा मुळीच नाही.

पण साक्षीदाराचा कान ओळखल्याशिवाय त्याची साक्ष घेऊ नये. इंग्रजांच्या कागदांत खडकीचं ‘किर्की’ झालं, ठाण्याचं ‘टाना’, पुण्याचं ‘पूना’. उद्या मराठी नाहीशी झाली आणि फक्त ते कागद उरले, तर ‘किर्की’वरून खडकीपर्यंत जायला आधी इंग्रजाला ख आणि ड कसे ऐकू येत हे कळावं लागेल. तसंच इथे. किलाक्षरात ओ नाही, तो ‘उ’ म्हणून येतो. इजिप्शियनमध्ये ह-ख च्या जातीचे चार वेगवेगळे वर्ण, अक्कादीत त्यांना मिळून एकच चिन्ह. ऐन जवळजवळ अदृश्य. ग्रीकमध्ये श नाही, म्हणून शेशोंकचा ‘सेसोंखिस’ होतो. शिवाय ग्रीक माणूस प्रत्येक नावाला आपली इस-ओस शेपटी लावल्याशिवाय सोडत नाही: ‘एसे’ची आयसिस, ‘उसिरे’चा ओसायरिस, ‘अनूप’चा अनुबिस, ‘होर’चा होरस. मराठीत आपण ही सगळी नावं ग्रीकांकडून, तीही इंग्रजीमार्गे घेतली.

इथे संस्कृत शिकून आलेल्यांना एक फायदा आहे, आणि तो मला कुणी सांगितला नव्हता म्हणून सांगते. त्याच बोआझकोयच्या दप्तरात उत्तर सीरियातल्या मितान्नी राज्याच्या राजाबरोबरचा प्रसिद्ध तह आहे, ज्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांना साक्षी ठेवलं आहे. ही नावं आपल्याला वेदांतून पक्की माहीत आहेत. म्हणजे किलाक्षर लेखनिक परक्या नावाचं काय करतो हे तपासायला आपल्याकडे उत्तरासकट उदाहरणं आहेत. इंद्र तिथे ‘इन-द-र’ आहे: जोडाक्षर लिहिता येत नाही म्हणून मध्ये स्वर आला, तो खरा नव्हे. नासत्य ‘ना-शा-त-ति-या’ आहे: स च्या जागी आम्ही ‘श’ वाचतो ते चिन्ह. आता पुन्हा रिआमशेशकडे पाहा. इजिप्शियन व्यंजनं र-ऐन-म-स-स-व. तिथेही स च्या जागी तेच ‘श’. म्हणजे ते चिन्ह या दप्तरात स साठीच वापरलं जात होतं, आणि राजाच्या नावात श नव्हता. तुश्रत्त या मितान्नी राजाचं नाव ‘त्वेषरथ’ असं उलगडतात, आणि अमर्नाची कित्येक पत्रं त्याचीच आहेत. त्याने आमेनहोतेपच्या राणीला, तियेला, थेट लिहिलेलं पत्र आहे, त्यात ती ‘तेये’ आहे. त्याच्या पत्रांत ‘हारमश्शी’ नावाचा इजिप्शियन दूतही येतो: होर अधिक मोसे. तिथे ‘हार’, कॉप्टिकमध्ये ‘होर’. मधला आ-ओ बदल तुमच्या डोळ्यांसमोर.

हा बदल कधी झाला? रामेसीसच्या काळात अमून देव अजून ‘अमान’ आहे. इ.स.पू. सातव्या शतकातल्या असिरियन लेखांत होरसवरची नावं ‘हुर’ने येतात, आणि किलाक्षरात ओ नसल्यामुळे तो ओ असावा. म्हणजे बदल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. दमनहूर नावाचं शहर आजही नाईलच्या मुखप्रदेशात आहे. नावाचा अर्थ ‘होरसचं गाव’.

एक नाव शेवटपर्यंत

आमेनहोतेप घेऊ. व्यंजनं य-म-न, ह-त-प. अर्थ ‘अमून संतुष्ट आहे’.

अमर्ना पत्रांत या नावाचा एक अधिकारी ‘अमनहत्पी’ म्हणून येतो, आणि पॅलेस्टाइनमधल्या तानाखला सापडलेल्या थोड्या आधीच्या पाट्यांत ‘अमनहत्पा’. पहिला धडा: त आणि प यांच्यामध्ये स्वर नाही. ‘होतेप’मधला ए आपण घातलेला. दुसरा: ओ नव्हे, अ.

कॉप्टिकमध्ये हे नाव एका अनपेक्षित ठिकाणी टिकलं, एका महिन्यात. वर्षाचा सातवा महिना ‘परमहोत्प’, म्हणजे ‘आमेनहोतेपचा’ सण असलेला. इथे ‘होत्प’ आहे, अ चा ओ झालेला, तरीही त-प मध्ये स्वर नाही. ग्रीकांनी त्या महिन्याला ‘फामेनोथ’ म्हटलं, त्यांच्या कानापर्यंत शेवटचा प पोचलाच नाही. इजिप्तमधल्या शेतकऱ्यांच्या पंचांगात तो महिना अरबीतून ‘बरमहात’ म्हणून आहे. आणि टॉलेमी या ग्रीक राजांच्या काळात देवत्व पावलेल्या हापूच्या मुलाला, आमेनहोतेपला, ग्रीक लेखांत ‘आमेनोथेस’ म्हटलंय.

मग पुस्तकांत दिसणारं ‘आमेनोफिस’ कुठलं? ते ग्रीकमध्ये इजिप्तचा इतिहास लिहिणाऱ्या मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताकडून आलं, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते रूप मुळात आमेनेमोपे या वेगळ्या नावाचं आहे. जर्मन पुस्तकांनी ते दीडशे वर्षं या राजांना लावलं. मला विचाराल तर आमेनोफिस लिहिणं आता सोडून द्यावं. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यातले काही ज्येष्ठ हे ऐकून घेणार नाहीत.

म्हणून उत्तर असं: इ.स.पू. चौदाव्या शतकात ‘अमनहत्प’च्या जवळपास, हजार वर्षांनी ‘अमेनहोत्प’च्या जवळपास. आणि आम्ही वर्गात म्हणतो ते ‘आमेनहोतेप’ या दोन्हींच्या मधलं काहीतरी, जे कधीच नव्हतं.

एका स्वरावर टांगलेला इतिहास

हा अभ्यास निव्वळ हौशीचा नाही हे पटवायला एकच प्रकरण पुरतं. हित्ती राजा मुर्शिलीने आपल्या बापाच्या, शुप्पिलुलिउमाच्या, पराक्रमांची बखर लिहवून घेतली. तीत एक इजिप्शियन राणी पत्र पाठवते: माझा नवरा वारला, मुलगा नाही, तुझा एक मुलगा दे, त्याला मी नवरा करीन. बखरीत राणीला ‘दहमुंझू’ म्हटलंय. हे नाव नाहीच, ‘राजाची बायको’ या इजिप्शियन शब्दांचं ते किलाक्षर रूप. हित्तींनी पदवीलाच नाव समजलं. नवऱ्याचं नाव ‘निब्हुरुरिया’.

आता हा कोण? तुतानखामुनचं सिंहासननाम नेब-खेपेरु-रे, अखेनातेनचं नेफेर-खेपेरु-रे. मागचे दोन भाग सारखेच. सगळा निकाल पहिल्या अवयवावर. ‘नेब’, म्हणजे स्वामी, किलाक्षरात ‘निब’ येतो हे निब्मुआरेयावरून माहीत आहे, आणि कॉप्टिक ‘नेब’ त्याला जुळतो. ‘नेफेर’ मात्र ‘नफ’ येतो. बाबिलोनचा राजा बुर्नाबुरियाश याच्या एका पत्रात ‘निब्हुर्रेरेया’ही आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक विधवेला तुतानखामुनची राणी मानतात. पण बखरीच्या एका प्रतीत नाव ‘पिप्हुरुरिया’ असं आहे, आणि कालगणनेच्या अडचणींमुळे काही जण अजूनही अखेनातेनकडे झुकतात. दोन्ही बाजूंचे लेख एकापाठोपाठ वाचा. कोण पुराव्यापासून निष्कर्षाकडे जातंय आणि कोण निष्कर्ष खिशात घेऊन पुरावा शोधतंय, हे ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

जिथे पाय घसरतो

पहिली जागा क्रमाची. देवाचं किंवा राजाचं नाव मान म्हणून आधी लिहायची पद्धत होती, बोलताना ते नंतर आलं तरी. तुतानखामुनच्या कार्टूशमध्ये, म्हणजे राजाच्या नावाभोवतीच्या लंबगोल चौकटीत, अमून सगळ्यात वर आहे. याच कारणाने बाराव्या घराण्यातले राजे जुन्या पुस्तकांत ‘उसेर्तेसेन’ म्हणून वावरत होते. कुर्ट सेथे यांनी दाखवलं की वोसरेत या देवीचं नाव फक्त मानासाठी पुढे आहे. वाचायचं ‘सेनवोसरेत’, आणि ते ग्रीकांच्या ‘सेसोस्त्रिस’ला बरोबर जुळतं.

दुसरी जागा चिन्हांच्या किमतीची. अलेफला आम्ही ‘आ’ म्हणतो. पण मध्य साम्राज्यातल्या (इ.स.पू. दोन हजारच्या आसपासच्या) शापलेखांत, म्हणजे शत्रूंची नावं लिहून फोडलेल्या मडक्यांवर आणि मूर्तींवर, अश्कलोन शहराच्या नावातला ल अलेफने लिहिलाय. म्हणजे त्या काळी ते चिन्ह र किंवा ल सारख्या ध्वनीचं होतं. नव्या साम्राज्यात तो ध्वनी विरला आणि परका ल र च्या चिन्हाने लिहू लागले. एकच चिन्ह, पाचशे वर्षांत वेगळा ध्वनी. म्हणून जुन्या राज्यातल्या, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातल्या, नावांबद्दल कुणी छातीठोकपणे बोलू लागलं की मी सावध होते. खुफूचा ‘खेओप्स’ हिरोडोटसने ऐकला तो दोन हजार वर्षांनी. मॅनेथोकडे तोच ‘सूफिस’ आहे, ख चा श झालेला आणि श चा ग्रीक स. पिरॅमिडच्या कामावरचे लोक राजाला काय म्हणत, ते या दोघांना विचारून कळणार नाही.

तिसरी जागा म्हणजे गोल गोल फिरणं. कॉप्टिकवरून जुनं रूप बांधायचं, मग त्या रूपाने किलाक्षराचं वाचन ठरवायचं, आणि शेवटी दोन्ही जुळतात म्हणून आनंद मानायचा. छापलेल्या लेखांतही हे सापडतं. पुनर्रचित रूपापुढे तारांकन टाकायची शिस्त यासाठीच आहे. तारा नसलेलं रूप म्हणजे कुणीतरी खरोखर लिहिलेलं रूप. वहीत, फळ्यावर, ईमेलमध्येसुद्धा तारा विसरू नका.

इंटरनेटवर ‘फेरोंचा अस्सल आवाज’ ऐकवणारे व्हिडिओ येतात. त्यातले काही चांगल्या अभ्यासावर उभे असतात. ते कुठलं शतक बोलतायत हे सांगत नसतील तर वेळ घालवू नका.

तयारीचं

माझं मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे: नावांचा अभ्यास करायचा असेल तर कॉप्टिक पुढे ढकलू नका. बहुतेक विद्यापीठांत आधी मध्य इजिप्शियन, मग नव-इजिप्शियन, आणि उरलाच वेळ तर कॉप्टिक असा क्रम असतो. तोवर ‘ए’ घालून वाचायची सवय हाडात मुरते. शक्य असेल तर पहिल्याच वर्षी सहिदिक घ्या. व्याकरण सोपं, शब्दसंग्रह आटोपशीर, आणि प्रत्येक शब्द ओळखीच्या व्यंजनांना स्वर देत जातो.

जर्मन वाचता आलीच पाहिजे. रांके यांनी किलाक्षरातला पुरावा १९१० मध्ये एकत्र केला, फेख्त यांचा आघातावरचा अभ्यास १९६० चा, ओसिंग यांचं नामरचनेवरचं प्रचंड काम १९७६ चं, सगळं जर्मनमध्ये. बोलता नाही आली तरी चालेल, पण तळटीपा वाचता यायला हव्यात. खरी भांडणं तिथेच असतात. अक्कादी एक-दोन सत्रं पुरे. लिपी कशी चालते आणि काय लिहू शकत नाही एवढं कळलं पाहिजे. ग्रीक पपायरसमधली नावं वाचण्यापुरती ग्रीक. डेमॉटिक डोळ्यांना छळते, तरी एलेफंटाइन बेटावर सापडलेल्या अरामाइक भाषेतल्या कागदांइतकीच ती या कामात मोलाची. ती नंतर करा, पण करा.

साधनं आता घरबसल्या मिळतात. बर्लिनचा ‘थेसॉरस लिंग्वे एजिप्तिए’ शब्दकोश फुकट आहे, ऑनलाइन कॉप्टिक कोशही. व्यक्तिनामांसाठी ‘ट्रिस्मेगिस्तोस’ हा ऑनलाइन संग्रह. आपल्याकडच्या मुलांनी संस्कृत, पाली किंवा भाषाशास्त्रात एम.ए. करून अर्ज केला तर तो कमी धरला जात नाही. ध्वनिनियम आणि समास समजलेला विद्यार्थी त्यांना हवाच असतो. अर्जात ‘लहानपणापासून पिरॅमिडचं वेड’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. कुठल्या प्रकारच्या पुराव्यावर काम करायचंय ते लिहा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना दर सत्राला १५०० युरो पडतात. नोकऱ्यांबद्दल खोटं सांगत नाही: कायमच्या जागा फार थोड्या, बाकी दोन-तीन वर्षांचे प्रकल्प. सध्या ते प्रकल्प बहुतेक डेटाबेसचे असतात, त्यामुळे थोडं प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला काम लवकर मिळतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वहीची पद्धत सांगून थांबते. एका नावाला एक पान. वर व्यंजनं. खाली प्रत्येक साक्षीदार वेगळ्या ओळीत: रूप, लिपी, ठिकाण, शतक, आणि त्या लिपीला कुठले ध्वनी लिहिता येत नाहीत. आघात कुठे पडतो ते पेन्सिलीने. तारांकित रूप सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या शेजारी शतक.

पहिलं पान मोन्तुएमहातचं करा. इ.स.पू. सातव्या शतकातला थीब्सचा हा बडा अधिकारी असिरियाचा राजा अशुरबनिपाल याच्या लेखांत ‘मन्तिमेअन्हे’ म्हणून येतो. पहिला भाग मोन्तु देव. हाच देव लक्सरजवळच्या अर्मान्त गावाच्या नावात आहे, कॉप्टिक ‘एर्मोन्त’, ग्रीक ‘हेर्मोन्थिस’. तिथे ओ आणि असिरियन रूपात अ का, हे आघात तपासून सोडवायचं. शेवटचा भाग ह-अलेफ-त, ‘पुढचा, अग्र’; त्याचं कॉप्टिक रूप ‘हे’, आणि असिरियनमध्येही ‘हे’. हात्शेप्सुतच्या नावाची सुरुवात याच शब्दाने होते. पण ती आठशे वर्षं आधीची, तेव्हा तिच्यासाठी वेगळं पान घ्या.